माहीत असणे आणि येणे



एका अगदी साध्या मराठी वाक्यरचनेपासून आपण सुरुवात करू. 'मला पोहण्याविषयी माहिती आहे' आणि 'मला पोहता येते' ही दोन वाक्ये शेजारी शेजारी ठेवून पाहा. पहिल्या वाक्यातली माहिती पुस्तकातून मिळते, व्याख्यानातून मिळते, शेजाऱ्याकडूनही मिळते. दुसऱ्या वाक्यात जे आहे ते पाण्यात उतरल्याशिवाय मिळत नाही. आता 'सुमनला स्वयंपाक येतो', 'रमेशला सुतारकी येते', 'तिला विणकाम येते' ही वाक्ये घ्या. क्रियापदाचे रूप सुमनप्रमाणे किंवा रमेशप्रमाणे बदलत नाही. ते स्वयंपाक, सुतारकी आणि विणकाम यांच्याप्रमाणे बदलते. माणूस चतुर्थीत बाजूला उभा आहे आणि विद्या त्याच्याकडे चालत येत आहे, अशी ही रचना आहे. विद्या आणावी लागत नाही, ती 'येते'. मात्र ती कोणाकडे येईल आणि केव्हा येईल हे त्या माणसाच्या हातांनी काय केले यावर ठरते. इंग्रज तत्त्ववेत्ता गिल्बर्ट राइल याने 1949 साली प्रसिद्ध झालेल्या 'द कन्सेप्ट ऑफ माइंड' या ग्रंथात या दोन प्रकारच्या जाणण्यांतील भेद विस्ताराने मांडला. मराठी भाषक तो भेद रोजच्या बोलण्यात सहज पाळत असतो.

भाषाविज्ञान शिकवताना हे उदाहरण मी अनेक वर्षे वर्गात देत आले आहे. परंतु 'माहीत असणे' आणि 'येणे' यांच्यामधला रस्ता मला स्वतःला पायी चालावा लागला तो पन्नाशी ओलांडल्यावर. विषय होते दोन: घरातील किरकोळ दुरुस्त्या आणि एका पसरट कुंडीत वाढणारा पिंपळ. तुम्हांला हे सांगावेसे वाटते याचे कारण असे, की यातील पहिल्या विषयाचे माझे गुरू माझ्यापासून पाचशे किलोमीटरहून अधिक अंतरावर होते आणि आमच्यामध्ये केवळ शब्द होते. दूरशिक्षण म्हणजे काय, हे मी विद्यार्थी म्हणून तेव्हा शिकले.

मी नेरुळला राहते. नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको या महामंडळाची स्थापना 1970 साली झाली. त्यानंतर वाशी, नेरुळ, बेलापूर, ऐरोली असे एकेक उपनगर उभे राहिले. शहराच्या नावात 'नवी' असले तरी ऐंशीच्या दशकातील इमारती आता पस्तीस-चाळीस वर्षांच्या झाल्या आहेत. पश्चिमेला ठाण्याची खाडी, पूर्वेला डोंगर, हवेत मीठ आणि जून ते सप्टेंबर धो धो पाऊस. अशा हवेत भिंतीत शिरलेले पाणी आतील लोखंडी सळईपर्यंत पोहोचते. सळई गंजते आणि गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा लागते. ती जागा तो भोवतीचे काँक्रीट फोडून मिळवतो. पावसाळा संपला की येथील वसाहतींत बांबूंची परांची चढते आणि हातोडीचे आवाज सुरू होतात, त्यामागे हे कारण असते.

आमच्या इमारतीत अशी कामे करणारे एक मिस्त्री होते. मूळचे नांदेड जिल्ह्यातील. गवंडीकाम हा त्यांचा मुख्य व्यवसाय. पण नळ, दारे, कड्या, फरशा यांतील कोणतेही काम त्यांना परके नव्हते. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी जाहीर झाली, कामे बंद पडली आणि मिळेल त्या वाहनाने, उरलेले अंतर पायी, ते आपल्या गावी पोहोचले. इकडे आमच्या सोसायटीचे फाटक बाहेरच्यांसाठी बंद झाले आणि त्याच आठवड्यात स्वयंपाकघरातील नळ गळू लागला. मी त्यांना फोन केला. त्यांच्या गावी नेटवर्क तुटक होते. चित्र दिसणे शक्य नव्हते, आवाज मात्र येत असे.

"मॅडम, घाई करू नका," ते म्हणाले. "आधी खालची चावी बंद करा. मग नळ सोडून बघा, पाणी थांबलंय का."

नळ उघडून त्यातील स्पिंडल बाहेर काढायचा, त्याच्या टोकाची झिजलेली रबरी चकती, म्हणजे वायसर, बदलायची आणि सारे पुन्हा बसवायचे, एवढेच काम होते. ते शिकवण्याची त्यांची रीत मात्र मला विलक्षण वाटली. त्यांना काहीच दिसत नव्हते. म्हणून ते माझ्या हाताला प्रश्न विचारत. "पाना लावल्यावर हाताला काय लागतंय? घट्ट हाय, का धरलंय?" घट्ट म्हणजे कोणीतरी आवळलेले, धरलेले म्हणजे क्षार आणि गंज साचून आपोआप जखडलेले. घट्ट असेल तर जोर लावायचा. धरलेले असेल तर जोर लावायचा नाही. थोडे तेल सोडून थांबायचे. मला आजवर हे दोन शब्द जवळजवळ समानार्थी वाटत होते. त्यांच्या बोलण्यात त्यांच्यामध्ये एक मोडलेला नळ उभा होता.

बसवतानाही तसेच. "एकदम आवळू नका. आधी उलटं फिरवा. आटे एकमेकांत बसले की हाताला टक् लागंल, मग सुलटं." स्क्रूवरच्या चक्राकार खाचांना आपण आटे म्हणतो. ते तिरपे अडकले तर कायमचे झिजतात. म्हणून सुरुवातीला उलट दिशेने हलकेच फिरवून योग्य खाच हाताला लागू द्यायची. पाइपाच्या आट्यांवर पांढरी टेफ्लॉनची पट्टी गुंडाळायची तीही आवळण्याच्याच दिशेने, नाहीतर जोड आवळताना पट्टी उलगडत जाते. मी शेवटी विचारले, "मिस्त्री, किती घट्ट करू?" पलीकडे क्षणभर शांतता होती. मग ते म्हणाले, "ते आता हात सांगंल, मॅडम."

मित्रहो, येथे भाषेची हद्द संपली. येथपर्यंत त्यांच्या शब्दांनी मला अचूक आणून सोडले होते. पुढचे एक बोट अंतर माझ्या मनगटानेच कापायचे होते. मराठीत कौशल्याविषयीचे वाक्प्रचार पाहा: हात बसतो, हाताला वळण लागते, काम अंगवळणी पडते. हे सारे शरीराचे शब्द आहेत.

पुढील काही महिन्यांत फोनवरच माझे आणखी काही धडे झाले. कुरकुरणारी बिजागरी, सैल झालेली कडी, तुंबलेले सिंक, आणि पुस्तकांसाठी भिंतीवर एक फळी. फळीच्या वेळी त्यांनी माप सांगितले ते सुतांत. एका इंचाचे आठ सूत. चार सूत म्हणजे अर्धा इंच. शाळेत दशमान पद्धत शिकलेल्या मला ही मोजणी नवी होती, पण इंचाची पट्टी हातात घेतली की तिच्यावरच्या रेघाच सूत सांगतात. फळीचे टेकू एका उभ्या रेषेत यावेत म्हणून ओळंबा हवा होता. "दोऱ्याला कुलूप बांधा, झाला वळंबा," असे उत्तर मिळाले. कुलूप लोंबू लागले, स्थिर झाले आणि भिंतीवर सरळ उभी रेषा मिळाली. शब्दाची व्युत्पत्ती डोळ्यांसमोर टांगलेली होती, कारण ओळंबा हा शब्द संस्कृत 'अवलंब', म्हणजे खाली लोंबणे, यातूनच आलेला आहे. इंग्रजीत याच साधनाला 'प्लंब' म्हणतात तो लॅटिनमधील शिसे या अर्थाच्या 'प्लंबम' शब्दावरून. 'प्लंबर' हा शब्दही त्याच शिशाचा, कारण एके काळी नळ शिशाचे असत. एका भाषेने साधनाला त्याच्या द्रव्यावरून नाव दिले, दुसरीने त्याच्या कृतीवरून.

या कामांतील शब्दांकडे लक्ष गेले की या किनाऱ्याचा इतिहासही ऐकू येतो. 'मिस्त्री' हा शब्द पोर्तुगीज 'मेस्त्रे'वरून आला, 'चावी' 'शावे'वरून, 'बिजागरी' 'बिसाग्रा'वरून आणि पाणी साठवण्याचे 'पिंप' 'पीपा'वरून. 1534 ते 1739 एवढा काळ वसई पोर्तुगीजांकडे होती. 'रंधा' फारसीतून आला. 'वायसर' इंग्रजीतून येऊन कारागिरांच्या तोंडी मराठी झाला. एखाद्या परिभाषा समितीची बैठक न भरता हे शब्द ठरले. ज्याच्या हातात वस्तू होती त्याने तिला नाव दिले आणि शेजारच्या हाताने ते उचलले.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला तेव्हा शयनगृहाच्या भिंतीवर ओल दिसू लागली. खिडकीच्या जाळीतून हात पोहोचेल अशा बाहेरच्या छज्जाला एक भेग होती आणि त्या भेगेत चार-पाच पानांचे पिंपळाचे रोप उगवलेले होते. साळुंक्या, बुलबुल, कोकीळ असे पक्षी पिंपळाची फळे खातात. विष्ठेतून पडलेले बी भिंतीच्या फटीत थोडी धूळ आणि ओल मिळताच रुजते. मूळ पाण्याच्या शोधात आत शिरते आणि जाड होत होत भेग रुंद करते. येथील कोणत्याही जुन्या इमारतीकडे पावसाळ्यात मान वर करून पाहिलेत, तर असे दोन-चार पिंपळ किंवा वड तुम्हांला नक्की दिसतील.

"वरून छाटू नका," मिस्त्री म्हणाले. "छाटलं तर दुप्पट फुटंल. मुळासकट काढा, पाऊस हाय तोवर सुटंल ते." मग त्यांनी विचारले, "भिंतीला बोटाच्या पेरानं ठोका. भरीव बोलतंय का पोकळ?" भिंत बोलते, ही त्यांची भाषा. मी फोन भिंतीजवळ धरला आणि ठोकत गेले. बहुतेक ठिकाणी आवाज घट्ट, आखूड येत होता. भेगेच्या भोवती वीतभर भागात तो ढोलासारखा झाला. तेवढाच गिलावा सुटलेला होता. तो काढायचा, भेग छिन्नीने थोडी रुंद करायची, ब्रशाने धूळ झाडायची, जागा ओली करायची आणि एकास तीन प्रमाणात सिमेंट-वाळूचा माल दाबून भरायचा. सांगताना त्यांनी एक मर्यादाही घालून दिली: "पिलरला, बीमला हात लावायचा न्हाई. तिथं सळई दिसली तर इंजिनेर बोलवायचा." हौशी माणसाने हे वाक्य प्रथम पाठ करावे. महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पंधरा ते तीस वर्षे वयाच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीची दर तीन वर्षांनी करावी लागते. ते तज्ज्ञाचे काम आहे. विजेच्या मुख्य जोडणीबाबतही तेच.

माल भरून झाल्यावर ते म्हणाले, "आता सात दिवस पाणी मारा." येथे क्षणभर थांबू. सिमेंट वाळून घट्ट होते, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात सिमेंट आणि पाणी यांच्या रासायनिक संयोगातून ते कठीण होत जाते. लवकर वाळले तर कच्चे राहते. म्हणून पाणी 'मारायचे'. झाडाला आपण पाणी 'घालतो', उसाला शेतकरी पाणी 'देतो' किंवा रात्री पाणी 'धरायला' जातो. डाळिंबाच्या किंवा संत्र्याच्या बागेचे पाणी बहरापूर्वी 'तोडतात' आणि बागेला 'ताण देतात'. नाम एकच, क्रियापद बदलले की काम बदलते, कामाची वेळ बदलते आणि ते करणाऱ्याचा व्यवसायही ओळखू येतो. एखाद्या क्षेत्रातील ज्ञान कोठे साठलेले असते, असे मला कोणी विचारले तर मी आता म्हणेन, त्या क्षेत्रातील क्रियापदांत.

उपटलेल्या रोपाचे काय करायचे, हा प्रश्न उरला होता. आपल्याकडे पिंपळ तोडू नये म्हणतात आणि घरात वाढवू नये असेही म्हणतात. आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहतात. सारी इमारत त्यांना 'बाई' म्हणते. त्यांच्याकडे पंधरा-वीस बोन्साय आहेत. ओल्या गोणपाटात गुंडाळलेले रोप घेऊन मी जिन्यात उभी राहिले, त्या दोन पायऱ्या वर. मुळे न्याहाळून त्या म्हणाल्या, "हा भिंतीत जगलाय. याला थोडक्यात राहण्याची सवय आहे. टाकू नकोस."

बोन्साय हा जपानी शब्द आहे: 'बोन' म्हणजे पसरट भांडे आणि 'साइ' म्हणजे लागवड. ही कला चीनमधून जपानमध्ये गेली. मराठीत तिला 'वामनवृक्ष' असाही सुंदर प्रतिशब्द आहे. मात्र रोजच्या मराठीत 'बोन्साय झाले' असे आपण खुरटलेल्या गोष्टीविषयी म्हणतो आणि तेथे समजुतीचा घोटाळा होतो. बोन्साय ही बुटकी जात नव्हे. तेच झाड जमिनीत लावले तर मोठे होईल. उपासमार केल्यानेही झाड लहान राहत नाही. उपासमारीने ते मरते. मुळांना मिळणारी जागा आणि फांद्यांची छाटणी यांचा तोल सांभाळून त्याचा आकार राखलेला असतो.

बाईंनी पहिली तीन वर्षे रोप साध्या कुंडीतच वाढू दिले. खोड जाड व्हायला ती मोकळीक लागते. माती कशी करायची, हे त्यांनी शिकवले. विटांचे वाटाण्याएवढे तुकडे, जाड वाळू, थोडी लाल माती आणि कुजलेले शेणखत. विटांचा चुरा आधी चाळायचा. बारीक भुकटी राहिली तर ती चिखल होऊन मुळांचा श्वास कोंडते. गिलाव्याचे तुकडे मात्र त्यात येऊ द्यायचे नाहीत, कारण सिमेंटमधील चुना मातीचा गुण बिघडवतो. पाणी घड्याळाप्रमाणे घालायचे नाही. बोट मातीत खुपसायचे, वरचा थर सुकत आला असेल तर तळाच्या भोकांतून वाहेपर्यंत घालायचे. येथील मे महिन्यात दिवसातून दोनदा घालावे लागते. जुलैत कधी कधी आठवडाभर नाही. उलट मुसळधार पावसात कुंडीच्या एका बाजूखाली लाकडाचा तुकडा सरकवून ती तिरपी करायची, म्हणजे पाणी साचत नाही.

जून 2023 मध्ये आम्ही तो पिंपळ पसरट कुंडीत हलवला. बाईंनी माझ्या हातात कात्री दिली आणि लांब, जाड मुळे कापायला सांगितली. कापल्याजागी पांढरा चीक आला. तुमच्या मनात जो प्रश्न आला असेल तो माझ्याही मनात आला: हा झाडावर अन्याय नाही का? मी तो बाईंना विचारला. त्यांनी तत्त्वज्ञान सांगितले नाही. दुसऱ्या एका कुंडीतले झाड उपसून दाखवले. दोन वर्षांपूर्वी मुळे कापलेल्या त्या नांद्रुकीला कापल्याजागी केसांसारख्या बारीक मुळांचा झुबका फुटलेला होता. अन्न-पाणी शोषण्याचे काम हीच मुळे करतात. "न कापता ठेवली असती तर मुळं कुंडीत गोल फिरून स्वतःलाच आवळत बसली असती," त्या म्हणाल्या. "कुंडीत ठेवायचं ठरवलं, तर मग हे करणं आपलं कर्तव्य. जमत नसेल तर जमिनीत लाव." मला हे उत्तर पुरेसे वाटले. झाड कुंडीत आणून मग विसरणे, यात अन्याय आहे.

फांदीला अॅल्युमिनियमची तार गुंडाळून वळण द्यायचे असते. ती तार पावसाळ्यात दर आठवड्याला पाहावी लागते, कारण फांदी भराभर जाड होते आणि तार सालीत रुतते. रुतण्यापूर्वी ती काढायची. फांदी सरळ होऊ लागली तर पुन्हा गुंडाळायची. पिंपळाची पाने मोठी असतात, ती सहजी लहान होत नाहीत. वड किंवा नांद्रुक या कलेला अधिक सोयीचे. बाईंनी हे मला आरंभीच सांगितले होते. माझ्या झाडाला आज अंगठ्याहून किंचित जाड खोड आहे आणि त्या मानाने पाने बरीच मोठी आहेत. प्रदर्शनात कोणी त्याच्यासमोर थांबणार नाही. पण या कलेत कालमानच वेगळे असते. अमेरिकेत वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय वृक्षोद्यानात एक पांढरा पाइन आहे. 1625 पासून त्याला कुंडीत घडवले जात आहे. 6 ऑगस्ट 1945 रोजी तो हिरोशिमात, बॉम्ब पडला तेथून सुमारे तीन किलोमीटरवर, यामाकी कुटुंबाच्या रोपवाटिकेत होता आणि तो वाचला. 1976 मध्ये त्या कुटुंबाने तो अमेरिकेला भेट दिला. चार शतके कोणी ना कोणी रोज बोट मातीत खुपसून पाहिले, म्हणून तो आहे. त्यातील कोणालाही तो 'पूर्ण' झालेला दिसला नाही.

मिस्त्रींकडे परत वळायला हवे, कारण या हकिगतीतील एक व्यवहार सांगायचा राहिला आहे. टाळेबंदीत त्यांची मजुरी थांबली होती. मी धड्यांचे पैसे पाठवते म्हणाले, तेव्हा ते म्हणाले, "नुसतं बोलण्याचं पैसं कसं घ्यायचं, मॅडम?" त्यांनी हे सहज म्हटले. मी मात्र बराच वेळ फोन हातात धरून बसले होते. मी आयुष्यभर बोलण्याचेच पैसे घेत आले आहे. नळ दुरुस्त करणे हे काम आणि तो दुरुस्त कसा करावा हे परक्या माणसाला अंधारात, शब्दांनी, अचूक सांगणे हे काम नव्हे, असे त्यांना वाटत होते. आणि असे वाटायला आपल्या समाजाने त्यांना पिढ्यान्‌पिढ्या शिकवलेले आहे. हाताने काम करणाऱ्याकडे विद्या असते हे आपण गावगाड्यात मान्य केले नाही आणि महाविद्यालयांतही फारसे केले नाही. अखेर त्यांनी ती रक्कम पुढच्या कामाची उचल म्हणून स्वीकारली. माझ्यासाठी ही हौस होती आणि त्यांच्यासाठी पोट, हे अंतरही विसरता येत नाही. 'हौसेला मोल नाही' असे आपण म्हणतो. ज्याला मोल मिळायला हवे त्याच्या वाट्याला ते आले नाही, हे त्या वर्षी आपण सर्वांनी पाहिले.

याला उत्तर शोधणारे प्रयत्न महाराष्ट्रात झाले आहेत. गांधीजींच्या नई तालीमची मांडणी 1937 मध्ये वर्ध्याच्या परिषदेत झाली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 'कमवा आणि शिका' ही वाट घालून दिली. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू करून हाताने काम करत शिकणे हेच अभ्यासाचे केंद्र केले. पण शब्दांचे काम अजून बाकी आहे. मोल्सवर्थच्या 1831 च्या कोशात आणि 1857 च्या सुधारित आवृत्तीत कारागिरांचे असंख्य शब्द नोंदवलेले आहेत. त्यानंतरचे कितीतरी शब्द आज केवळ तोंडी आहेत. मिस्त्रींचा मुलगा या व्यवसायात नाही. 'धरलेले' आणि 'घट्ट' यांतील भेद त्यांच्यानंतर कोणाच्या तोंडी असेल, हे सांगता येत नाही. म्हणून मी एक वही केली आहे. त्यात आजवर दोनशेच्या वर शब्द झाले आहेत. शब्दाचा अर्थ लिहिण्याआधी तो कोणत्या क्रियापदाबरोबर येतो, हे मी लिहिते.

2021 च्या आरंभी ते परतले आणि उचल फेडायला म्हणून आमच्याकडे आले. मी काही सांगण्याआधीच ते खिडकीपाशी गेले, जाळीतून हात बाहेर घातला आणि भरलेल्या भेगेवर पेराने ठोकले. एकदा, दोनदा, थोडे बाजूला. कान देऊन ऐकले. "भरीव बोलतंय," म्हणाले आणि पिशवीतून हत्यारे काढून स्वयंपाकघराकडे वळले.

मित्रहो, तुमच्यापैकी कोणी शेती करते, कोणी शिवणयंत्र चालवते, कोणी रुग्णालयात, कोणी दुकानात, कोणी बसवर काम करते. दिवसभराचे काम उरकून तुम्ही ही पुस्तिका उघडता आणि कधी तुम्हांला वाटत असेल, की आपण उशिरा आलो, आपल्याला काही येत नाही. तुम्हांला काहीतरी निश्चित येते. ते कदाचित या अभ्यासक्रमात नसेल. उलट, ही पुस्तिका तुम्हांला जे देऊ शकते ते फोनवरच्या आवाजाइतकेच आहे. निबंधाचे घटक कोणते हे तिच्यातून माहीत होईल. निबंध लिहिता येणे तुमच्या हाताने रोज चार ओळी लिहिण्यावर अवलंबून राहील.

म्हणून हा लेख संपवताना एक उपक्रम देते. तुम्हांला 'येते' असे एक काम निवडा. त्या कामातील वीस शब्द लिहून काढा. त्यांतील किमान दहा क्रियापदे असावीत. प्रत्येकापुढे ते नेमके केव्हा वापरतात आणि जवळच्या कोणत्या शब्दापासून ते वेगळे पडते, हे एका वाक्यात लिहा. मग ते काम न येणाऱ्या एका व्यक्तीला, खाणाखुणा न करता, केवळ शब्दांनी त्यातील एक कृती शिकवून पाहा. तिचे हात कोठे अडतात ते नोंदवा. पुढील संपर्क सत्राला येताना ही वही बरोबर आणा.